बायकोनं रेघ मारलेली ओळ

माझी बायको कार्तिकात गेली. तिची पत्र्याची ट्रंक मी वैशाखापर्यंत उघडली नाही. सून दोनदा म्हणाली, "मामा, मी काढते साड्या, कुणाच्या तरी अंगाला लागतील." मी तिला सांगितलं, तुझं काम नाही ते. ती आणि मुलगा भूगावला फ्लॅटात राहतात. मी इकडे भरे गावात एकटा. मागच्या दोन खोल्या भाड्यानं दिल्यात. एकीत कंपनीतली दोन पोरं, दुसरीत शाळेतल्या एक बाई, लातूरकडच्या.

शेवटी एका दुपारी उघडली. साड्यांचं मी इथं काही लिहीत नाही. झाकणाच्या आतल्या अंगाला एक छापील कागद चिकटवलेला होता. भाताच्या पेजेनं चिकटवला असणार, कारण कडा झुरळांनी खाल्ल्या होत्या. कुठल्यातरी जुन्या दिवाळी अंकाचं पान. त्यावर कविता. वरचा कोपरा फाटलेला, म्हणून लिहिणाऱ्याचं नाव गेलेलं. खाली एवढंच राहिलं होतं की परदेशी कवितेचं मराठी केलंय. आणि मधल्या एका ओळीखाली शिसपेन्सिलीनं रेघ मारलेली. दोनदा फिरवलेली, जाड.

मी चौथी पास. तीसुद्धा मास्तरांना मला वर्गातून घालवायचं होतं म्हणून. बायको सातवी शिकलेली. वाण्याकडून डाळ आणली की आधी पुडीचा कागद वाचायची, मग डाळ निवडायची. मी म्हणायचो, "काय लिवलंय, राजा मेला का?" ती म्हणायची, "तुमास्नी काय करायचंय." तेव्हा मला खरंच काही करायचं नव्हतं.

त्या दिवशी मी ट्रंकेपाशी मांडी घालून बसलो आणि ओळीखाली बोट धरून कविता वाचायला लागलो. कळलं ते एवढं. कुठल्यातरी बेटावरचा माणूस आहे. त्याच्या पणजोबाला गोऱ्या साहेबांनी जहाजात घालून ऊस तोडायला तिकडं नेलं. हा तिथंच जन्मला, तिथंच वाढला. वाडवडलांचा मुलूख त्यानं उभ्या जन्मात पाहिलेला नाही, आणि त्याच मुलखाला हाका मारतोय. नदीला हाक मारतोय, झाडाला मारतोय. साहेबानं पाठीवर ओढलेले आसूड सांगतोय. पुढं कुठंतरी स्वातंत्र्य येतं, झेंडा चढतो, आणि तरी हा गप्प होत नाही. रेघ मारलेली ओळ अशी होती: खुंट्या ठोकणारा हात आमचाच होता.

मला राग आला. मेलेल्या माणसाची वस्तू हातात घेतल्यावर रडू यावं, तर मला राग आला. मी तिथंच मोठ्यानं बोललो, "न पाहिलेल्या जमिनीसाठी कोण बोंबलतंय असं?" घरात ऐकायला कुणी नव्हतं.

पण प्रश्न मी चुकीच्या घरात विचारला होता. असं बोंबलणारं माणूस माझ्याच घरात पन्नास वर्षं राहून गेलं. फक्त ती बोंबलायची नाही.

तिचं माहेर पाण्यात आहे. मुळशीचं धरण इंग्रजाच्या काळात झालं तेव्हा तिच्या आज्याचं गाव बुडालं. माणसं वर डोंगराच्या अंगाला सरकली, खोपटी बांधली, तीच पुढं वस्ती झाली. धरणाच्या पाण्यावर वीज झाली आणि ती गेली मुंबईला. माझी बायको त्या वरच्या वस्तीत जन्मली आणि रॉकेलच्या चिमणीवर सातवीपर्यंत शिकली, खाली एवढं पाणी चमकत असताना. बुडालेलं गाव तिच्या बापानंसुद्धा पाहिलेलं नव्हतं. तरी दरसाल उन्हाळ्याच्या शेवटी पाणी तळाला गेलं की ती जायची. जुन्या जागेत एक शेंदराचा दगड आहे. त्याला तेल-शेंदूर लावायचा, आंबेमोहोराच्या भाताचा नैवेद्य ठेवायचा, परत यायचं. हा मान लेकींचा. लग्न होऊन गेलेल्या लेकीनं येऊन ठेवायचा, घरातल्या सुनेनं नाही आणि पुरुषानं तर नाहीच. मृग लागायच्या आत उरकायचं, कारण मग पाणी चढतं.

मी दोनदा गेलो तिच्याबरोबर, लग्नानंतरच्या वर्षांत. लांब उभा राहून विडी ओढली. देवी तर वर वस्तीत नेलेली, नवं देऊळ बांधलेलं, मग खाली हे काय आहे, असं मी विचारलं होतं. ती म्हणाली, "जुनी जागा हाय." मला वाटलं, देवीची जुनी जागा.

आणि गेल्या साली मी तिला जाऊ दिलं नाही. हे सांगायचं तर नीट सांगतो. तिचे गुडघे गेले होते, दम लागत होता. तिचा नैवेद्याचा भात शिजत आला तेव्हा मी म्हणालो, "चिखलात पडलीस तर कोण आणायचं उचलून? दगडाला भात खायला घालायला निघालीय. दगडाला काय भूक लागली व्हय?" तिनं गॅस बंद केला. त्या दिवशी आम्ही दोघांनी तोच भात खाल्ला. पाणी चढलं, आणि कार्तिकात ती गेली.

जायच्या आधी आठ दिवस दवाखान्यात मला म्हणाली, "पुढल्या साली तुमी जावा." मी म्हणालो, "बघू." बघू म्हणालो मी.

तर हा कागद. मी तो ओल्या फडक्यानं भिजवून सोडवला आणि संध्याकाळी बाईंच्या खोलीकडे गेलो. बाई ओट्यावर वह्या तपासत बसल्या होत्या. दोन दिवसांनी सुट्टीला गावी जाणार होत्या, म्हणून घाई होती. त्यांनी कविता एकदा मनात वाचली, चष्मा वर केला आणि म्हणाल्या, "छान आहे, बाबा. वसाहतवादावरची आहे."

"म्हंजी काय?"

"परक्यांनी येऊन आपला मुलूख ताब्यात घ्यायचा, आपल्यालाच राबवायचं. यात तीन गोष्टी आहेत बघा. एक, पूर्वजांच्या भूमीची ओढ. दोन, पारतंत्र्यातलं दुःख. तीन, स्वातंत्र्याची आशा. मुलांनी तीन मुद्दे लिहिले की पूर्ण मार्क देते मी."

मला हे पटलं नाही. मी म्हणालो, "बाई, हा माणूस एवढा पेटलाय आणि तुमी त्याचं तीन मुद्दं केलं."

त्या हसल्या. "परीक्षेला तसंच लागतं, बाबा."

"आन् आशा कुटं हाय ह्यात? झेंडा चढल्यावर बी त्यो शिव्याच देतोय. ह्याचं वावर ह्याला मिळालं न्हाई. इंग्रज गेला म्हणून आमच्या मुळशीतलं पाणी गेलं का?"

बाईंनी पुन्हा शेवटचं कडवं वाचलं. म्हणाल्या, "तसं बघितलं तर आशा नाहीच." आणि मग लाल पेन बंद करून म्हणाल्या, "ही रेघ आजींनी मारलीय का?"

"व्हय. ह्या वळीचा अर्थ सांगा."

"खुंट्या म्हणजे जमीन मोजताना ठोकतात त्या. साहेबानं गुलामांकडून ते काम करून घेतलं, असं असेल."

"असंल म्हंजी? तिनं हीच वळ का धरली?"

"ते मला कसं सांगता येईल? आजी जायच्या ना दरवर्षी धरणाकडं? मला एकदा म्हणाल्या होत्या, गावाला जाऊन येते. मी विचारलं, कुठलं गाव, तर म्हणाल्या, आता नाही ते. मला वाटलं, चेष्टा करतात."

मी कागद घेतला आणि आलो. बाईंवर राग नव्हता. भाडेकरू बाईला ती एवढं बोलली होती. मी नवरा, मला कवितेचा अर्थ भाडेकरणीला विचारावा लागला. राग याचा होता.

दुसऱ्या दिवशी मेव्हण्याला फोन लावला. हा तिचा पाठचा भाऊ, सत्तरीचा, वरच्या वस्तीत राहतो. एका डोळ्यात मोतीबिंदू, जिभेला हाड नाही. मी म्हणालो, "पाणी किती खाली गेलंय?"

"गेलंय की. दगड उघडा पडलाय म्हणत्यात. का वं दाजी?"

"नैवेद्य ठिवायचाय."

तो म्हणाला, "जावयाचा मान न्हाई तिथं."

"मग कुणाचा हाय? तुला दुसरी भैन हाय का? आमाला लेक हाय का?"

"मी कुटं काय म्हणालो. मान न्हाई येवढं सांगितलं. या. पण लवकर या, पाऊस आभाळात हाय."

आंबेमोहोर आमच्यात आता कुणी पेरत नाही. पिरंगुटला दुकानात मिळाला, पिशवीवर भाताच्या लोंबीचं चित्र. पहाटे उठून मी भात केला, डब्यात भरला, वर गुळाचा खडा ठेवला. तेल आणि शेंदूर तिच्या फडताळात होताच. पिरंगुटवरनं एसटी धरली. पौड मागं टाकलं की डाव्या हाताला बंगलेच बंगले. उतरलो तेव्हा मेव्हणा फाट्यावर बसला होता, डोक्याला टॉवेल.

पाण्याकडं उतरणारी वाट पूर्वी सरळ होती. आता तिथं मोठं फाटक आहे. आत प्लॉट पाडलेत, हिरवळ लावलीय, पाण्याच्या तोंडाशी लोखंडी खुर्च्या टाकल्यात. फाटकावर एक वॉचमन, उत्तरेकडचा, वयानं माझ्या नातवाएवढा असेल. काठी आडवी धरून म्हणाला, "बाबा, अंदर जाना मना है."

मी म्हणालो, "खाली हमारा गाव है."

त्यानं खाली पाहिलं. तिथं पाणी आणि चिखल. तो म्हणाला, "किधर है?"

आता याला काय सांगायचं? मी तोंड उघडणार होतो आणि त्यातनं काय बाहेर पडलं असतं मला माहीत आहे. मेव्हण्यानं माझा हात दाबला आणि पुढं होऊन म्हणाला, "प्लॉट देखने आया है. ये हमारा दाजी. बडा पार्टी."

वॉचमननं माझं धोतर पाहिलं, हातातला डबा पाहिला. "गाडी किधर है?"

"गाडी में इनको उलटी होती है," मेव्हणा म्हणाला. "चलके आया."

पोरगं हसलं. त्याला खोटं कळलं होतं, पण त्यानं वही पुढं केली आणि म्हणाला, "लिख दो, और जल्दी आना, साहब आएगा." वहीत नाव, फोन आणि कशासाठी असे रकाने होते. मी कशासाठीच्या रकान्यात लिहिलं, सासुरवाडी. मोठ्या अक्षरात लिहिलं. मेव्हण्यानं वाचलं आणि म्हणाला, "दाजी, आता हितं हुंडा मागू नका म्हंजी झालं."

मी हसलो नाही. बायकोच्या माहेरी जायला मला गिऱ्हाईक व्हावं लागलं. खुर्च्यांवर तीन-चार पोरी-पोरं बसून फोटो काढत होती. त्यातला एक आम्हाला म्हणाला, "अंकल, जरा बाजूला होता का?" आम्ही बाजूला झालो. मी झालो बाजूला, हेच मला नंतर झोंबलं.

खाली उतरलो. चिखल वरनं वाळून तडकलेला, आतनं ओला. पाय टाकला की सालपट फुटून घोटाभर आत जायचा. शिंपले, आंब्याची काळी पडलेली खोडं, कुठं एखाद्या घराच्या जोत्याचे दगड रांगेत. मेव्हणा हातानं दाखवत चालला होता. ही तेल्याची आळी. ही विहीर, बुजली. हा देवळाचा चौथरा. त्यानं तरी हे कुठं पाहिलं होतं? बापानं सांगितलेलं, बापाला त्याच्या बापानं. बेटावरच्या त्या माणसासारखाच हाही, पण हा निदान चिखलात तरी उभा होता.

"आन् दगड चौथऱ्यापशी न्हाई?" मी विचारलं.

"दगड लांब हाय. त्यो वावरात."

आम्ही पोचलो. कमरेएवढा दगड, जरा कलंडलेला. शेंदूर लावून लावून त्याच्यावर बोटभर जाड कवच चढलेलं मी पूर्वी पाहिलं होतं. या वेळी ते कवच अर्धं गळून पडलं होतं. गेल्या साली कुणी तेल चोळलं नाही, मग वर्षभर पाण्यात राहून त्याचे पोपडे सुटले. तिला मी अडवलं, मेव्हण्यानं मान तिचा म्हणून हात लावला नाही, आणि दगड उघडा पडला.

आणि उघड्या अंगावर कोरलेलं होतं. टाकीनं कोरलेला बाण, त्याखाली दोन इंग्रजी अक्षरं, त्याखाली आकडा.

मी वाकलो. बोटानं चिखल पुसला. इंग्रजी अक्षर मला कळत नाही, पण आकडा कळतो, आणि बाण कुणालाही कळतो. असले दगड मी सरकारी मोजणीत पाहिलेत. तो देव नव्हता. देवीची जागाही नव्हती. तो इंग्रजाच्या मोजणीचा दगड होता.

मी मेव्हण्याला म्हणालो, "हे काय हाय?"

तो डोळा बारीक करून बघत होता. म्हणाला, "बाण हाय."

"मला दिसतंय बाण हाय. तीन पिढ्या तुमी साहेबाच्या दगडाला भात खायला घालताय. माझी बायको गुडघं घासत हितं येत हुती. त्यानं तुमचं गाव मोजलं आन् बुडवलं, आन् तुमी त्याला शेंदूर फासताय. अडाणी म्हणावं तर किती म्हणावं."

"ठाऊक हाय आमाला," तो म्हणाला.

"काय ठाऊक हाय?"

"मोजणीचा हाय ते. आज्यानंच रवलाय त्यो."

तो दगडाला टेकून बसला, टॉवेलनं मान पुसली, आणि जसं बैल विकल्याचं सांगावं तसं सांगायला लागला. मोजणीवाले आले तेव्हा आजा तरणा होता. साखळी धरायला रोजावर माणसं घेत होते, हा गेला. त्याला वाटलं, शेतसारा ठरवायला मोजतायत, दरवेळी मोजतात तसंच. महिनाभर साखळी ओढली. स्वतःच्या वावराच्या कोपऱ्यात खड्डा खणून हा दगड त्यानंच उभा केला, आणि माती दाबून वर नाचला, हलू नये म्हणून. मग पाणी आलं.

"पयल्या उन्हाळ्यात पाणी खाली गेलं," मेव्हणा म्हणाला, "तवा सगळं गाव उतरलं आपापलं वावर बघाया. कुणालाच सापडंना. बांध न्हाई, झाड न्हाई, सगळा चिखल. म्हातारी माणसं येड्यावानी फिरत हुती. आज्याला दगड घावला, त्यानंच रवला हुता म्हणून. मग दगडापासनं पावलं मोजून ज्यानं त्यानं आपलं वावर काढलं. दुसऱ्या साली कुणीतरी जोत्याला दगड न्यायला लागलं, म्हणून आज्यानं रात्रीत त्याला शेंदूर फासला. शेंदराला कोण हात लावतंय? बायकांनी मग भात आणाया सुरवात केली. येवढंच हाय."

"तुज्या अक्काला ठाऊक हुतं?"

"आज्यानं तिलाच सांगितलं. मरताना ती त्याच्यापशी हुती. मला तिनं सांगितलं."

"मला न्हाई सांगितलं."

"तुमी ऐकून घेतलं असतं व्हय, दाजी?"

खुंट्या ठोकणारा हात आमचाच होता. ती ओळ तिथं मला कळली, चिखलात, घोटाभर आत उभं राहून. बाईंना कळली नव्हती आणि त्यांचा त्यात दोष नाही. त्यांच्या आज्यानं दगड रवला नसेल.

पण मी इथं थांबलो तर खोटं लिहिल्यासारखं होईल. आज्याला निदान माहीत नव्हतं. मला माहीत होतं. आमचं लवणातलं वावर, जिथं माझ्या बापानं इंद्रायणी भात लावला, आणि मी लावला, ते मी कारखान्याची शेड टाकणाऱ्याला विकलं. कुणी आसूड ओढला नाही माझ्या पाठीवर. कुणी जहाजात घातलं नाही. त्याचा मोजणीवाला आला तेव्हा त्याच्याकडं माणूस कमी होता. मी म्हणालो, आणा इकडं, आणि टेपचं टोक मीच धरलं. बांधाबांधानं, चारी कोपरे. वाकून खुणेचे दगड मीच दाबले. बायको चहा घेऊन आली होती. किटली बांधावर ठेवली, मला टेप धरलेला पाहिला, आणि कप न भरताच घरी गेली. मी ओरडलो होतो मागनं, "अगं, वतून दे की." आज तिथं पत्र्याची शेड आहे, दिवसभर आत काहीतरी ठोकत असतात.

ती रेघ तिनं कधी मारली मला ठाऊक नाही. आज्यासाठी मारली की माझ्यासाठी, तेही नाही. विचारायला माणूस नाही.

मी हाताशी आला तो धोंडा उचलला. ती अक्षरं फोडायची होती मला. आज्याचा राग, त्या बेटावरच्या माणसाचा राग, माझा स्वतःचा, सगळा त्या बाणावर काढायचा होता. एक घाव घातलासुद्धा. कपची उडाली.

मेव्हणा उठला नाही. बसल्या जागेवरनं म्हणाला, "फोडा. फोडा की. मग पुढल्या साली वावर कुटं हुडकू मी? एका डोळ्यानं?"

माझा हात वरच राहिला.

"साहेबाचा हाय म्हणून फोडताय," तो म्हणाला. "साहेबाचं सगळंच फोडायचं तर आधी धरण फोडा. दम हाय? मग ठिवा खाली त्यो धोंडा. वय बघा जरा आपलं."

मी धोंडा टाकला. धाप लागली होती. खरं तर रडू आलं असतं, पण मेव्हण्यासमोर नाही. मी विचारलं, "तुमचं वावर कुठून कुठवर?"

तो उठला, दगडाला पाठ लावून उभा राहिला आणि उगवतीकडं पावलं टाकायला लागला, मोठ्यानं मोजत. मध्येच पाय रुतला, शिवी दिली, आकडा विसरला, परत दगडापासनं सुरुवात केली. मी मागं मागं. शेवटी एका जागी थांबून म्हणाला, "हा बांध. इथनं पलीकडं आपलं. अक्का एकदा हितं येऊन नुसती बसली हुती, दुपारभर. मी म्हणालो, चल, ती म्हणाली, थांब की, घाई काय हाय."

मी डबा सोडला आणि भाताचा नैवेद्य तिथं चिखलावर ठेवला. पानसुद्धा आणलं नव्हतं, डब्याचं झाकण ठेवलं. मेव्हणा म्हणाला, "दगडापशी ठिवायचा असतो. अक्का तिथंच ठेवायची."

"अक्का ठेवायची. मी ठेवणार न्हाई."

"मग शेंदूर?"

शेंदराची पुडी माझ्या खिशात होती. दगडाकडं पाहिलं तर बाण लांबूनसुद्धा दिसत होता, एका बाजूला माझ्या घावाची पांढरी खूण. शेंदूर नाही लावला तर कुणीतरी फोटो काढणारा येऊन तो बंगल्याच्या दाराशी उभा करायला घेऊन जाईल, हे मला कळत होतं. आज्याला जे कळलं होतं तेच. आणि लावला तर साहेब पुन्हा झाकला जाणार. मी बराच वेळ तसाच उभा होतो. मग गेलो, आणि दगडाच्या तीन बाजूंना तेल-शेंदूर लावला, हाताच्या तळव्यानं चोळून, ती लावायची तसा. बाणाची बाजू उघडी ठेवली. मेव्हण्याला म्हणालो, "ही बाजू वाचू दे ज्याला वाचता येतंय त्याला. पुढल्या साली बी झाकायची न्हाई."

"पुढल्या साली तुमी येणार हाय का?"

"जगलो तर येणार. मान असो, नसो."

आम्ही त्याच्या त्या बांधावर चिखलातच बसलो आणि डब्यातला उरलेला भात खायला घेतला, एकाच डब्यात दोघांनी. त्यानं पहिला घास घेतला, चावला, थांबला.

"करपलाय," तो म्हणाला.

"खा."

"अक्कानं असला भात कधी केला न्हाई."

"न्हाईच केला," मी म्हणालो, आणि डबा त्याच्याकडं सरकवला.